गोळीबार चौकात, भर मे महिन्यात

मे महिन्यात कोणी वायपर दुरुस्त करतं का,
असं खुशाल निनावे म्हणाला नाही.
बॉनेटवर तळहात टेकवला, चटकन उचलला,
आणि जिथं हात घालायचा होता तिथं
ओल्या गोणपाटाचा तुकडा अंथरला.

"लावा बटन."
लावलं. आत मोटर घरघरली.
दांड्या काचेच्या मधोमध तशाच,
फेब्रुवारीपासून.
"मोटर बिचारी इमानदार हाये, ताई.
तिले वाटते, आपण काच पुसून राह्यलो.
जोड निखळला, हे तिले कोन सांगन?"

दहाचा पाना, मग बाराचा.
डावी दांडी सुटली. उजवी सुटेना.
बावीस वर्षांचा गंज, त्यात कोराडीची राख.
त्यानं तेल सोडलं आणि नुसताच उभा राहिला,
रुसलेल्या माणसाजवळ उभं राहावं तसा.
समोर कूलरच्या ताट्या विकणारा
ताट्यांवर पाणी मारत होता, वाळ्याचा वास
आमच्यापर्यंत येऊन वाफ व्हायचा.
मग पान्याच्या मागच्या टोकानं एक टिचकी.
सुटली.

तीन बोल्ट, आणि सगळा सांगाडा बाहेर:
दोन लांब पट्ट्या, एक आखूड,
टोकाला बोराएवढा लोखंडी गोळा,
त्यावर बसायची प्लास्टिकची वाटी
झिजून कागद झालेली.
एवढ्याशा वाटीसाठी?
"आमच्या बाच्या मागाले असंच राहे.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
दोरी तुटली तरी बा दोन-चार डाव पाय मारतच राहे,
कापड पुढं जाऊन राह्यलं समजून."

मी काही बोलले नाही.
काटोलहून येत होतो, मी आणि मोरेश्वर.
आईच्या नावची दोन एकर, विकून, अर्धी अर्धी.
सहीच्या वेळी त्यानं पेन पुढं केलं,
टोपण काढून, एवढंच.
रिधोऱ्याच्या पुढं गारा लागल्या
आणि वायपर हे असे, मधातच.
गाडी कडेला. समोर पांढरं.
मोरेश्वरनं रजिस्ट्रीच्या कागदांची नाडी सोडली,
दोन्ही दांड्यांना बांधली,
एक टोक त्याच्या खिडकीतून आत, एक माझ्या.
मी एका हातानं चालवत होते.
ओढ, तो म्हणायचा.
सोड, मी म्हणायचे.
मी ओढ, तो सोड.
फेटरीपर्यंत हेच दोन शब्द,
दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
आणि एकदा, त्यानं जोरात ओढली तेव्हा
मला हसू आलं होतं, त्यालाही, बहुतेक. मी रस्त्याकडे बघत होते.
फेटरीला आभाळ उघडलं.
त्यानं नाडी पिळली, कागद पुन्हा बांधले.

"वाटी नवी टाकता येते," खुशाल म्हणाला,
"पन हा गोळाच एका अंगानं खाल्ला गेला.
नवी वाटीबी पावसाळाभर नाई टिकन. आख्खंच बदला."
भंगारातल्या दुसऱ्या झेनचं आणलं.
तिला मागून ठोकलं होतं, पुढचं सगळं शाबूत.
काढायच्या आधी खडूनं खूण केली होती,
त्याच खुणेवर बसवलं.
कोरड्या काचेवर चालवायचं नाही म्हणून
ताटीवाल्याचा मग मागितला, पाणी ओतलं.
पाणी गरम होतं.

दोन्ही दांड्या निघाल्या, एका दमात,
गेल्या, आल्या.
"आता बंद करा."
खाली जाऊन निजल्या.
"हे पाहाले पाह्यजे. चालू तं कोनीबी करते.
बंद केल्यावर आपल्या जागी आली पाह्यजे.
मधात थांबली, का समजाचं, काई तरी राह्यलं."

सातशे रुपये. जुना सांगाडा
गोणपाटात गुंडाळून डिकीत दिला, मी मागितला नव्हता.
काच तोवर सुकली होती, पाण्याचे पांढरे डाग ठेवून.
मी पुन्हा बटन लावलं. बंद केलं.
लावलं.
"राहू द्या ताई," खुशाल हात पुसत म्हणाला,
"रबर जाईन."